चढती माळ

१

पोशीरला विमलबाईच्या घरात औषधाचे कायदे विमलबाईचेच. ब्लडप्रेशरची गोळी रोज घ्यायची नाही, डोकं जड झालं तरच. रोज घेतली की अंग सोकावतं आणि मग ती गोळी घरजावयासारखी कायमची बसते. चतुर्थीला, एकादशीला गोळी बंद, कारण तिच्या आत काय घातलेलं असतं ते कुणी बघितलंय. गोळी गरम पडते म्हणून वरून ताक प्यायचं. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या देवाच्या फळीवरच्या डब्यात टाकायच्या, पुढच्या आजाऱ्यासाठी. नवऱ्याला, दशरथला, त्या डब्यातून रंग बघून गोळी मिळायची. पांढरी तापाची, लाल ताकदीची. पिवळी पोटाची असावी असं विमलबाईनं ठरवलं होतं आणि दशरथचं पोट काही तक्रार करत नव्हतं.

विमलबाई चौथी शिकलेली. वाचता येत होतं, पण गोळीच्या पाकिटावर मराठी कुठं असतं.

मुलाची, ऋषिकेशची, बायको तेजश्री खोपोलीची, बारावी झालेली, सातवा महिना लागलेला. गावातली आशाताई सुप्रिया तिला रक्तवाढीच्या गोळ्या आणून द्यायची. त्या विमलबाईनं बंद केल्या. त्यानं पोर काळं होतं.

"आई, ऋषिकेशच्या वेळेला तुमी खाल्लेल्या काय या गोळ्या?" तेजश्रीनं विचारलं.

"एक पण नाय."

"मग ते एवढे काळे कसे?"

विमलबाईला हसू आवरेना. सून तोंडाची होती, आणि तोंडाची होती म्हणूनच तिला आवडायची. पण गोळ्या काही तिनं परत दिल्या नाहीत.

भात कापणीला आलं आणि तेजश्रीचे डोळे पिवळे झाले.

२

कावीळ दवाखान्याची नव्हे, माळेची. हे गावात शेंबड्या पोराला पण ठाऊक. खालापूरच्या पलीकडं आनंदीबाई म्हणून एक म्हातारी माळ द्यायची, सासूपासून चालत आलेली. कसल्याशा झुडपाच्या हिरव्या काड्यांचे पेराएवढे तुकडे करायचे, एकेकाला दोऱ्याची गाठ मारत जायचं आणि ती माळ आजाऱ्याच्या गळ्यात घालायची. घालताना ती गळ्यालगत असते. मग दिवसागणिक आपोआप लांबत जाते. छातीवर येते, पोटावर येते, बेंबीच्या खाली गेली की कावीळ उतरली. मग पायातून काढून वाहत्या पाण्यात सोडायची. डोक्यावरून काढायची नाही, नाहीतर उतरलेलं सगळं डोक्यात चढतं. विमलबाईनं लहानपणापासून कितीतरी गळ्यांत ही माळ लांबताना बघितली होती. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणायचं.

ती स्वतः एसटीनं जाऊन माळ घेऊन आली. आनंदीबाईनं नारळ घेतला आणि पथ्य सांगितलं. तेल नाही, हळद नाही, पिवळं कापड नाही. आणि माळ अंगावर आहे तोवर लोखंड लावायचं नाही. सुई टोचली, कात्री लागली, की माळ बाटली. मग कावीळ आत शिरते.

"पोटुशी हाय ती," विमलबाई म्हणाली.

"मग तर सुई आजाबात नको."

विमलबाई घरी आली तर सुप्रिया ओटीवर बसलेली.

"काकू, पोटुशी बाईची कावीळ साधी नसते. कर्जतला नेऊ, रक्त तपासू. मी येते बरोबर."

"रक्त काढायला सुई लागती का नाय?"

"लागते."

"मग बस, चा घे, नि जा."

"काकू, तिला काय झालं तर…"

"माझ्या ओटीवर बसून माझ्या सुनंचं वाईट बोलू नको. तुझ्या आईची कावीळ कुणाच्या माळंनं गेली ते घरी जाऊन विचार."

सुप्रिया उठली. आईची कावीळ माळ घालूनच गेली होती. आत तेजश्री खाटेवरून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "आई, मला जायचंय."

"जाशील. माळ उतरली की मी स्वतः नेते माहेरी."

"माहेरी नाय. दवाखान्यात."

विमलबाईनं माळ तिच्या गळ्यात घातली.

३

तेजश्रीची खाट मधल्या खोलीत, भिंतीला लावलेली. खाट आणि भिंत यांच्यात चार बोटं जागा, तिथून टेबलफॅनची वायर गेलेली म्हणून सोडलेली. खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडं बघणारी. दशरथ मजुरांबरोबर शेतावर, ऋषिकेश खोपोलीला कंपनीत. दुपारी घरात फ्रिजची घरघर आणि फॅन मान वळवताना करायचा तो कुरकुर आवाज, बाकी काही नाही.

सकाळ-संध्याकाळ विमलबाई माळ बघायची. खूण म्हणून तिनं मॅक्सीची बटणं धरली होती. आधी माळ गळ्यालगत होती. मग पहिल्या बटणावर आली. मग दुसऱ्या. दुसऱ्यावर आली तेव्हा विमलबाईनं देवापुढं साखर ठेवली आणि मुद्दाम सुप्रियाच्या दारावरून गेली.

"माळ चालली हो," ती कुणाला न बघता मोठ्यानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तेजश्रीला उठवून बसवलं, तर माळ पहिल्या बटणावर.

तिनं मॅक्सी नीट बघितली. मॅक्सी कालचीच. तेजश्रीला ताठ बसवलं, खांदे मागं घ्यायला लावले, केस बाजूला केले. माळ कुठं अडकली नव्हती, कुठं दुमडली नव्हती. पहिल्या बटणावर सरळ लोंबत होती, आणि आधी दुसऱ्यापर्यंत गेल्याचं तिच्या अंगावर काही दिसत नव्हतं.

"उतरली काय?" तेजश्रीनं डोळे मिटूनच विचारलं.

"उतरतेय," विमलबाई म्हणाली. सुनेशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

४

विमलबाई काही घाबरट बाई नव्हे. शेतावरच्या खोपीत एकदा नाग निघाला तेव्हा गडी पळाले आणि हिनं त्याला काठीनं बांधापलीकडं हाकललं होतं. ती विचार करू लागली.

काड्या फुगल्या असतील. ओलाव्यानं लाकूड फुगतं, माळ आखडत असेल. पण बाहेर ऊन असं होतं की वाळत घातलेली लुगडी कडकडत होती. फुगणार कुठून. मग सून गाठी मारत असेल.

"तू हात लावतेस काय माळंला?"

"नाय आई."

"दवाखान्यात जायला मिळंल म्हणून चाळे करत असशील तर सांग. मी बोलणार नाय."

"माझ्याच्यानं केस बांधवत नाय, गाठी कुठं मारू," तेजश्री म्हणाली. "आणि जायचंय ते तुमाला तोंडावर सांगितलंय. चोरून कशाला करू."

हे खरं होतं. चोरून करणारी ती नव्हतीच.

संध्याकाळी ऋषिकेशला धरलं.

"आई, मी दोऱ्याशी खेळायला लहान हाय काय? पण मला विचारशील तर दवाखान्यात नेऊ."

"तुला विचारलं काय?"

"नाय."

"मग जेव."

तो जेवला नाही. ताटावर बसून राहिला, मग उठून बायकोजवळ जाऊन बसला. तेजश्री झोपली होती. हल्ली ती सारखी झोपायची.

सकाळी विमलबाईनं खाटेखाली झाडू घातला आणि झाडूसरशी काड्यांचे तुकडे बाहेर आले. पेराएवढे, वाळलेले. ते खाली पडून विखुरलेले नव्हते. भिंतीलगत त्यांची लहानशी रास होती, भाजी निवडणारी बाई देठं एका बाजूला ठेवते तशी.

तिनं माळ हातात घेऊन फिरवली. आनंदीबाईच्या गाठी जशाच्या तशा होत्या. फक्त मानेच्या मागं एक गाठ नवी होती, बारीक आणि पक्की. गाठीपुढचा दोरा तोडलेला. कापलेला नव्हे, शिवण झाल्यावर बाई दातांनी तोडते तसा. त्याचं टोक चपटं झालेलं.

विमलबाईनं ते चिमटीत धरलं. टोक ओलं होतं.

तेजश्रीचे ओठ कोरडे पडून फुटले होते.

५

तिनं शेतावर जाणं सोडलं. दशरथला सांगितलं, कंबर धरली. दुपारी ती मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसू लागली, पाठ चौकटीला आणि कान आत.

पहिल्या दुपारी काही झालं नाही. दुसऱ्या दुपारी ऐकू आलं.

सर्र. मग थोडा वेळ काही नाही. मग टक.

दोरा काडीवरून ओढला की सर्र. दातांनी तोडला की टक. हे आवाज तिच्या ओळखीचे होते. जन्मभर गोधड्या शिवलेल्या बाईला ते कोण शिकवणार. तिनं लसूण सोलायचा थांबवला, तर आवाजही थांबला. तिनं पाकळी सोलली, सर्र झालं. सालीच्या आवाजाआड कुणीतरी आपलं काम उरकत होतं.

ती आत गेली. तेजश्री भिंतीकडं पाठ करून एका कुशीवर झोपलेली. फॅन भिंतीकडं मान वळवून तिथंच अडकला होता, थरथरत. माळ आता बटणावर नव्हतीच. गळ्याच्या खड्ड्याच्या जरा वर आली होती.

कुणीतरी पोरीचा गळा आवळत होतं. दिवसाढवळ्या, तिच्या घरात, तिच्या उंबऱ्यापासून चार हातांवर.

"कोण हायेस गं तू?" ती खोलीला म्हणाली. "पोटुशीच्या गळ्याला लागतेस? माझ्याकडं ये ना. माझा गळा काय वाईट हाय?"

फॅननं मान सोडवली आणि तो पुन्हा फिरू लागला.

माळ काढावी तर डोक्यावरून काढायची नाही. आणि आता ती डोक्यातून निघण्याएवढी राहिलीही नव्हती. कापावी तर लोखंड लावायचं नाही. सुटका फक्त खालून होती आणि माळ वर चालली होती. विमलबाईनं दोन बोटं माळेखाली घालून बघितली. दोन बोटं जात होती. तिसरं जात नव्हतं.

६

तेजश्री आता जागी असली तरी जागी नसायची. विमलबाईला ती मावशी म्हणाली. पाण्याचा तांब्या हातात घेऊन तो कानाला लावला. एकदा नीट डोळे उघडून तिनं विचारलं, "त्यांना जेवायला वाढलं काय?"

"कुणाला?"

"त्या बाई. मागं बसतात त्या."

विमलबाईनं मागं बघितलं. मागं भिंत, चार बोटं फट, वायर.

"काय म्हणते ती?"

"काय नाय बोलत," तेजश्री म्हणाली. "घाईत असतात."

आणि ती परत झोपली.

विमलबाईनं पडवीत येऊन आनंदीबाईला फोन लावला. फोन तिच्या नातीनं उचलला आणि म्हातारीच्या कानाला लावला.

"आनंदीबाई, माळ चढतेय."

"माळ चढत नाय. उतरते."

"गळ्याला आली. दोन बोटं राहिली."

पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या.

"कुणी हात लावला असंल."

"घरात मी आणि ती. ती हात हलवत नाय. तुमी आजवर किती माळा दिल्या, एक तरी चढली?"

"एक पण नाय. माझ्या सासूची पण नाय. सगळ्यांची उतरली."

"सगळे वाचले?"

पलीकडं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर गेल्याची खरखर झाली.

"आनंदीबाई, मी काय विचारते. जे गेले, त्यांची माळ कुठं होती?"

"उतरलेलीच होती," आनंदीबाई हळू म्हणाली. "काड्या वाळल्या की दोरा ढिला पडतो गं बाय. माळ उतरतेच. जगला त्याची उतरते, मेला त्याची उतरते. चढलेली मी पहिल्यांदा ऐकते." मग तिचा आवाज बदलला. "तिला घरात ठेवू नको. माझं नाव सांग, काय सांगायचं ते सांग, पण घरात ठेवू नको."

विमलबाईला राग आला तो म्हातारीचा नाही. वाळल्या काडीवर दोरा ढिला पडतो हे तिला काय ठाऊक नव्हतं? उन्हात दावं ढिलं पडतं, खाटेची नवार ढिली पडते. जन्मभर ढिलं झालेलं परत आवळत आली होती ती. पण गळ्यातली माळ लांबताना बघितली की देवापुढं साखर ठेवत होती.

तरी पाय उचलेना. सुई टोचली आणि कावीळ आत शिरली तर? तेही डोळ्यांनी बघितलेलं होतं. दवाखान्यात नेलेली माणसं मेलेली तिनं बघितली होती. किती उशिरा नेली होती ते मात्र कधी मोजलं नव्हतं. ती पडवीत फोन हातात धरून उभी राहिली.

आतून आवाज आला. सर्र.

७

या वेळी ती धावली नाही. चपला काढल्या, भिंतीला धरून, श्वास कोंडून चौकटीपर्यंत गेली. डोकावली.

तेजश्री दाराकडं तोंड करून झोपलेली. तिच्या पाठीमागून, खाट आणि भिंतीमधल्या त्या चार बोटं फटीतून, एक हात वर आला होता. कोपरापर्यंत. बाईचा हात. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या, हात हलत होता पण बांगड्या वाजत नव्हत्या. तळवा पिवळा. नखं पिवळी. हळदीचा पिवळा नव्हे. हा रंग विमलबाई रोज सकाळी सुनेच्या पापण्या उचलून बघत होती.

बोटं भराभरा चालली होती. एक काडी सोडवली, खाली टाकली. दोरा ओढला, सर्र. गाडी सुटायच्या वेळी माणूस गाठोडं बांधतं तशी ती घाई होती. आणि तेवढ्यात दुसरा हात दिसला. तो तेजश्रीच्या गळ्याशी होता. त्याची दोन बोटं माळ आणि गळा यांच्या मधे घातलेली होती, आडवी, दोरा कातडीला लागू नये म्हणून.



गळा आवळणारी बाई मधे बोटं घालत नाही.

मग फटीतून काहीतरी वाकलं. केसांचा भांग दिसला, मधोमध, रुंद, कुंकू नसलेला. तो गाठीपर्यंत खाली गेला.

टक.

फॅनचं तोंड इकडं वळलं, विमलबाईच्या डोळ्यांत वारा गेला, पापणी मिटून उघडेपर्यंत तिथं भिंत होती. तेजश्रीचा श्वास चालू होता. माळेखाली आता दोन बोटंही जेमतेम जात होती.

विमलबाईनं सुप्रियाला फोन केला. "गाडी बोलव," ती म्हणाली. "तुझं खरं, माझं खोटं. पुढचं नंतर ऐकव."

सुप्रियानं काही ऐकवलं नाही. गाडी घेऊन आली, तेजश्रीचे पाय तिनं धरले, डोकं विमलबाईनं.

८

कर्जतला डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं तेजश्रीच्या पापण्या उचलल्या, दोनदा नावानं हाक मारली, आणि मग कुणाशी न बोलता सिस्टरला हातानं खुणा केल्या. सलाइन लागलं. सुई टोचली तेव्हा विमलबाईनं डोळे मिटले नाहीत. मुद्दाम बघितलं. सुई आत गेली, बाहेर आली, तेजश्री तशीच होती.

"ही माळ एवढी घट्ट कुणी बांधली?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"जिनं इथं आणायला लावलं तिनं."

डॉक्टरीणबाईला वाटलं विमलबाई सुप्रियाबद्दल बोलतेय. तिनं सुप्रियाकडं बघून मान हलवली आणि कात्रीनं माळ कापली. माळेचा गळ्यावर वळ नव्हता. कुठंच नव्हता. विमलबाईनं वाकून नीट बघितलं.

तिथून त्यांना ॲम्ब्युलन्सनं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पुढचे दिवस विमलबाईला धड सांगता येत नाहीत. काचेचं दार, आत तेजश्री, बाहेर बाकावर ऋषिकेश, त्याच्या मांडीवर न उघडलेला डबा. मूल वेळेआधी झालं, मुलगी, तळहाताहून जरा मोठी, ती दुसऱ्या काचेत. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असतात तर दोघीही हाती लागल्या नसत्या.

दोघीही हाती लागल्या.

शुद्धीवर आल्यावर तेजश्रीनं सासूला ओळखलं ते तिच्या आवाजावरून. विमलबाई त्या वेळी वॉर्डातल्या एका बाईला झापत होती की गोळी उशीखाली लपवतेस, मी बघतेय, गीळ.

"आई," तेजश्री कोरड्या घशानं म्हणाली, "इथं तरी गप बसा."

विमलबाई वॉर्डाच्या बाहेर गेली, जिन्यात बसली आणि पदर तोंडात धरून रडली.

घरी आल्यावर देवाच्या फळीवरचा डबा तिनं सुप्रियाच्या पुढ्यात रिकामा केला. ब्लडप्रेशरची गोळी आता रोज, चतुर्थी असो नाहीतर अमावास्या. दशरथला रंग बघून गोळी मिळायची बंद झाली, तेव्हा कळलं की पिवळी गोळी पोटाची नव्हतीच.

एका दुपारी तिनं ताट वाढलं. भात, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, वर लिंबाची फोड. मधल्या खोलीत जाऊन खाट आणि भिंतीच्या फटीशी ठेवलं.

"बाय, कोण हायेस ते मला नको सांगू," ती म्हणाली. "तुझी माळ कोणी वर ओढली नाय, एवढं समजलं मला. माझं घर तू राखलंस. जेव."

ती उंबऱ्यावर बसून राहिली. घरात आवाज होता तो पाळण्याच्या कडीचा, आणि ताकाला रवी लावलेल्या तेजश्रीचा. ताट तसंच राहिलं. विमलबाईला जरा वाईटच वाटलं, पाहुणी न जेवता गेल्यासारखं.

९

मार्गशीर्षाच्या शेवटी चार घरं सोडून सोनुबाईचा मुलगा हरी आजारी पडला. कावीळ. सोनुबाईनं माळ आणली ती आनंदीबाईची नव्हे. आनंदीबाईनं माळा द्यायचं बंद केलं होतं. दुसऱ्या कुणाकडून तरी आणली.

विमलबाई गेली. हरी ओटीवरच्या खाटेवर उताणा पडलेला. माळ छाती ओलांडून बेंबीला टेकली होती.

"बघ, कशी सरसर उतरली," सोनुबाई म्हणाली.

"दवाखान्यात ने त्याला."

"तुजं तुज्यापाशी ठेव विमल. तुज्या सुनंची माळ चढली म्हणून तू नेलीस. आमची उतरतेय. आमी कशाला जायचं?"

विमलबाईनं आनंदीबाई काय म्हणाली ते सांगितलं. वाळल्या काडीचं सांगितलं. सुप्रियाला बोलावलं, तीही बोलली. सोनुबाई हसली. विमलबाईला ते हसू ओळखीचं होतं. आपलंच होतं ते.

रोज दुपारी विमलबाई जाऊन बसू लागली. कान देऊन. सोनुबाईची ओटी मोठी, वर पत्रा. पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजायची. लांब कुठंतरी भात झोडल्याचा आवाज. त्यापलीकडं काही नाही. सर्र नाही, टक नाही. खाटेखाली एक काडी नाही. इथं कुणी आलं नव्हतं. तिकडं आवाजानं जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी इथं आवाज नाही म्हणून वाटली.

एका दुपारी हरीनं डोळे उघडले, विमलबाईला म्हणाला, "मावशी, लाईट घालव ना." बाहेर लख्ख ऊन होतं. ती त्याची मावशी नव्हती, एरवी तो तिला काकू म्हणायचा. आणि तो परत झोपला.

सोनुबाई चहा ठेवायला आत गेली.

विमलबाई उठली. हरीच्या डोक्यामागं जाऊन बसली. माळ हातात घेतली, मागची गाठ शोधली आणि दातांनी सोडवली. काड्या काढत गेली, खाली टाकत गेली, भिंतीलगत, एका जागी. दोरा ओढला. माळ पोटावरून छातीवर आली, छातीवरून गळ्याशी. हरीला लागू नये म्हणून तिनं डाव्या हाताची दोन बोटं दोऱ्याखाली आडवी घातली. मग उजव्या हातानं गाठ मारायला गेली आणि अडली. एका हातानं गाठ बसत नाही. दोऱ्याचं दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. आत कपबशी वाजली. चहा ओतला की सोनुबाई येणार होती.

दोरा ताठ झाला.

दुसरं टोक कुणीतरी धरलं होतं. नीट, गाठ मारायला लागतो तेवढाच ताण देऊन. विमलबाईच्या मनगटाशेजारी गार वाटलं, माठाजवळ हात नेल्यासारखं. डोळ्यांच्या कडेला हिरवं काहीतरी होतं. तिनं तिकडं बघितलं नाही. काम करणाऱ्या बाईकडं टक लावून बघू नये.

"धर अशीच," ती पुटपुटली. "बरं झालं आलीस."

गाठ बसली. बारीक, पक्की. विमलबाई वाकली आणि दोरा तोडला.

"कसला गं आवाज?" सोनुबाई चहा घेऊन दारात उभी होती.

विमलबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"चा ठेव खाली," ती म्हणाली, "आणि तुझ्या पोराची माळ बघ."